काखेखालच्या चुण्या

१

सकाळचे दहा वाजले की आमच्या पुढच्या खोलीत उजेड मनासारखा येतो. त्याआधी तो फार पिवळा असतो, आणि बारानंतर पत्रे तापले की पांढराफटक पडतो. दहा ते साडेअकरा हा माझा वेळ.

सेनगावच्या एका शाळेत मी एकतीस वर्षं चित्रकला शिकवली. म्हणजे चित्रकलेचा तास गणिताच्या सरांनी मागून घेतला नाही तर शिकवली. मुलं आंब्याची डहाळी आणि पितळी तांब्या काढून मोठी झाली. माणूस काढायला मी कुणालाच शिकवलं नाही, कारण तो मलाच येत नव्हता.

निवृत्त झाल्यावर शिकायला बसलो. जलरंगात, अंगावरच्या कपड्यांसकट माणसं. एसटी स्टँडवर टेकलेली माणसं, आठवडी बाजारातल्या बाया, साखऱ्याला बहिणीच्या रानात कापूस वेचणारे मजूर. पन्नास-साठ कागद वाया गेल्यावर एक गोष्ट कळली. चेहऱ्याच्या मागं लागू नये, कपडा काढावा. कपड्याला स्वतःचं काही म्हणणं नसतं. तो खांद्यावरून लोंबतो, गुडघ्यावर ताणतो, कोपरात गोळा होतो. प्रत्येक चुणी कुठून तरी निघते, आणि जिथून निघते तिथं काहीतरी असतं. हाड असतं, गाठ असते, पिन असते. चुणी उगीच पडत नाही.

श्रावणात द्वारका, माझी बायको, मागच्या अंगणात शेवाळावरून घसरली. मोडलं काही नाही, पण उजवा गुडघा आधीच झिजलेला होता, तो पार गेला. हिंगोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, खाली बसणं बंद, आणि ऑपरेशनचं मनावर घ्या. द्वारकानं दोन्ही गोष्टी ऐकून घेतल्या आणि घरी येऊन सतरंजी टाकली.

"खुर्चीवर बसून दाळ निवडायची व्हय? हापिसात बसल्यावाणी वाटतंय," ती म्हणाली.

तिला एकटीला टाकून मी बाहेर कुठं जाणार? म्हणून तिलाच काढायला लागलो. ती उजवा पाय लांब करून सतरंजीवर बसायची, सुपात दाळ नाहीतर लसूण घ्यायची. मी समोर बुटक्या स्टुलावर, मांडीवर फळी, फळीला चिकटवलेला कागद. अडतीस वर्षांच्या संसारात मी तिच्याकडं इतका वेळ कधी बघितलं नव्हतं. तिला ते आवडत होतं, पण कबूल करेल तर शपथ.

"आज काहून हिरवी नेसलीस?" मी विचारायचो.

"धुतलेली तीच होती."

मागं दोरीवर तीन धुतलेल्या साड्या वाळत असायच्या.

२

उठणं हा मात्र रोजचा जाच होता. दवाखान्यातल्या पोरीनं मला रीत दाखवली होती. मागं उभं राहायचं, दोन्ही काखांत हात घालायचे, एका दमात उचलायचं. गणपती बसले, उठले, तोवर मी रोज उचलत होतो. माझ्या हाताला ते कसब नाही. दर वेळी कुठंतरी कमीजास्त व्हायचं, आणि ती ओठ दाबून कळ सोसायची.

दसऱ्याच्या आसपास एके दिवशी चित्र आटोपलं. रंगाचं गढूळ पाणी टाकायला मी स्वयंपाकघरातून मागच्या अंगणात गेलो. नळाखाली ब्रश धुतले, त्यांची टोकं बोटांनी सारखी केली. आत आलो तर द्वारका उभी. पदर सारखा करत होती.

"आज कळच आली न्हाई बघा," ती म्हणाली. तोंडावर हसू.

"रोज चोळतो त्या तेलाला गुण आला म्हणायचा."

"आला तर."

त्या दिवसापासून तसंच सुरू झालं. चित्र झालं की मी तिच्या पाठीमागच्या दारानं अंगणात जायचो, परत येईपर्यंत ती उठलेली असायची. अंगणात तिचा आवाज यायचा. "हळू... हां... बस, बस." गुडघ्याला समजावत असेल, असं मला वाटायचं. या वयात माणूस भांड्यांशीसुद्धा बोलतो.

दिवाळीला ती गल्लीतल्या चार घरी फराळाचं ताट घेऊन पायी जाऊन आली. मी फाटकाशी उभा राहून तिला येताना बघत होतो. फार बरं वाटलं.

३

कार्तिकातली गोष्ट. द्वारकानं निळी सुती साडी नेसली होती, बारीक पांढऱ्या ठिपक्यांची. जलरंगात पांढरा रंग नसतो, पांढरं म्हणजे कोरा कागद. ठिपके राखायचे म्हणजे कामच, त्यामुळं मी नेहमीपेक्षा बारकाईनं बघत होतो.

तिच्या उजव्या काखेखालून पदर पुढं येतो आणि छातीवरून डाव्या खांद्यावर जातो. त्या पट्ट्यात काखेलगत चार बारीक चुण्या होत्या. एकाखाली एक, चारही मागच्या बाजूला ओढलेल्या. जशा होत्या तशा काढल्या. रंग भरला, सावल्या दिल्या.

कागद वाळल्यावर फळी भिंतीला टेकवून चार पावलं मागं गेलो. चित्र छान उतरलं होतं. फक्त त्या चार चुण्यांशी नजर अडत होती. तिथं कापड धरलेलं होतं.

"तिथं पिन लावलीस का?" मी विचारलं.

"कुठं?"

"काखेत."

"काखेत कोण पिन लावतंय? टोचून मरायचं हाय का मला?"

मी जवळ जाऊन बघितलं. पिन नव्हती, गाठ नव्हती. आता तर चुण्याही नव्हत्या. कापड सपाट पडलं होतं. दोरीवर वाळताना पडल्या असतील, असं मी ठरवलं. किंवा खळीनं. दुसऱ्या दिवशी तिनं हिरवी नेसली. हिरवीला ती खळ घालत नाही. त्याच जागी चार चुण्या होत्या, आणि आता डाव्या काखेखालीही.

मी जुन्या वह्या काढल्या. तारीख घालायची मला शाळेपासूनची सवय. भाद्रपदातल्या चित्रांत तिथं काही नव्हतं. दसऱ्यानंतरच्या पहिल्या चित्रात उजव्या काखेखाली एक चुणी. पुढच्या आठवड्यात दोन. काढल्या मीच होत्या, बघून काढल्या होत्या, आणि लक्षात मात्र आल्या नव्हत्या.

४

पुढचं लक्षात आलं ते पेन्सिलीमुळं. बसलेला माणूस काढताना आम्ही पेन्सिल उभी धरून ओळंबा बघतो, गवंडी भिंतीचा बघतो तसा. कानापासून रेघ सरळ खाली सोडायची. बसलेल्या माणसाची ती रेघ बुडाच्या आसपास पडली पाहिजे. फार मागं पडली तर माणूस एकतर टेकलेला असतो, नाहीतर पडत असतो.

द्वारकाची रेघ वीतभर मागं पडत होती. तीनदा बघितलं. भिंत तिच्यापासून चार हात लांब. हात सुपात. पाय पुढं लांब केलेला. आणि ती निवांत मागं रेललेली, पडवीत खांबाला टेकून बसतात तशी. पाठीवरचा पदर एरवी सैल लोंबतो, तो दोन्ही बाजूंनी चापून बसला होता.

"काय बघून राहिलात एवढं?" ती म्हणाली.

"काही नाही. अशीच बस."

त्या दिवशी दुपारी ती शेजारी गेली तेव्हा मी सतरंजीवर बसलो. उजवा पाय लांब केला, हात मांडीवर घेतले आणि तिच्यासारखा मागं रेललो. क्षणभर पोटाच्या जोरावर राहिलो, मग धाडकन कोपरांवर आलो. पुन्हा बसलो, पुन्हा पडलो. तिसऱ्या वेळी पडलो तेव्हा द्वारका दारात उभी होती.

"काय चाललंय? योगा?"

"तुझ्यासारखं बसून बघतोय."

ती पोट धरून हसली. डोळ्यांत पाणी येईतो हसली. मीही हसलो. चुणीला कारण असतं, तसं यालाही असेल. बायकांना जन्मभर खाली बसायची सवय, कमरेत जोर जास्त, असं मी स्वतःला सांगितलं, आणि त्या रात्री मला चांगली झोप लागली.

५

सुनिता आमच्या गल्लीत शिवणकाम करते. तिचं माहेर जवळच्या तांड्यावरचं. माझी जुनी विद्यार्थिनी, म्हणून मी तिचा सर आणि द्वारका तिची काकी. एके दिवशी चित्र चालू असतानाच ती द्वारकाचे दुरुस्तीला दिलेले ब्लाऊज परत घेऊन आली. चेहऱ्यावर कोडं.

"काकी, हे झंपर काय दुरुस्त करू मी? चारही एकाच जागी विरलेत. कापड जुनं म्हणावं तर बाकी सगळं चांगलं हाय."

तिनं एक ब्लाऊज उलटा करून खिडकीच्या उजेडात धरला. काखेच्या पुढच्या बाजूला कापड चार जागी झिरझिरीत झालं होतं. मागच्या बाजूला एका जागी. दुसऱ्या काखेतही तसंच.

"कुणी धरून उचलल्यावर असं व्हतंय," सुनिता म्हणाली. "आमच्या आज्जीला मामा उचलायचे, तिच्या कांचळीचं, म्हंजे चोळीचं, असंच झालतं." तिनं आपली चार बोटं पुढच्या चार जागांवर ठेवली आणि अंगठा मागच्या जागेकडं नेला. पुरला नाही. बोटभर अंतर राहिलं. "सरांचा हात मोठा हाय," ती हसत म्हणाली. "सरच उचलत असतील."

"मग कोण उचलणार?" द्वारका म्हणाली. ती लाजली होती.

सुनितानं ब्लाऊज माझ्यापुढं केला. मी गंमत म्हणून चार बोटं ठेवली. हात ताणला. माझाही अंगठा पुरला नाही.

मी मूठ मिटली आणि चहा टाकतो म्हणालो.

सुनिता गेल्यावर मी द्वारकासमोर स्टुलावर बसलो. ती अजून सतरंजीवरच होती.

"मी तुला शेवटचं कधी उचललं?" मी विचारलं.

"काल."

"काल?"

"रोजच की. चित्र झालं की मागून येता, उचलता, आन् जाता ब्रश धुवायला." तिनं माझ्याकडं बघितलं. "असं काहून विचारून राहिलात?"

"द्वारका, मी आधी पाणी टाकायला जातो. ब्रश धुतो. परत येतो तेव्हा तू उभी असतेस. दसऱ्यापासून मी तुला हात लावलेला नाही. मला वाटलं, तुझी तूच उठतेस."

"थट्टा करू नका."

मी थट्टा करत नव्हतो, हे तिला माझ्या तोंडावरून कळलं. अडतीस वर्षांत तेवढं कळतं. बाहेर रस्त्यावरून सोयाबीनचा ट्रॅक्टर गेला, त्याच्या हादऱ्यानं स्वयंपाकघरातल्या मांडणीवर ताटं किणकिणली.

"मला तर वाटलं, तुमचा हात बसला," ती हळूच म्हणाली. "आताशा काही दुखतच न्हाई."

६

त्यानंतर मी खोलीतून हललो नाही. गढूळ पाणी ग्लासात तसंच ठेवलं.

"आता उठ," मी म्हणालो.

तिनं दोन्ही तळवे सतरंजीवर टेकवले. जोर लावला. बूड टीचभर उचललं गेलं आणि ती परत खाली बसली. तोंडातून "आई गं" निघालं. पुन्हा प्रयत्न केला. कपाळावर घाम आला. श्रावणात होती तशीच होती ती, गुडघ्यात तसूभर फरक नव्हता.

शेवटी मी मागं गेलो. दवाखान्यातल्या पोरीनं दाखवलं तसे हात काखांत घातले आणि उचललं. ती कळवळली. खुर्चीचा पाठीचा भाग धरून कितीतरी वेळ तशीच वाकून उभी राहिली.

"तुमी वरून धरता," ती म्हणाली. "आन् एकदम ओढता. ते आधी नुसते हात ठेवतात. मी दम घेईपर्यंत थांबतात. मग..."

आपण काय बोलतोय हे तिच्या ध्यानात आलं, आणि तिनं पदर तोंडाला लावला.

मी सगळं घर बघितलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणी, अंगण. पलंगाखाली बघितलं, माळ्यावर बघितलं. सहासष्ट वर्षांचा माणूस काठीनं माळ्यावरची पोती ढोसत होता. मागच्या भिंतीवर काचा लावल्यात, तिकडून कुणी येणं शक्य नाही. अंगणातली ओल बघितली. नळापासून दारापर्यंत माझ्याच चपलेचे ठसे होते.

७

दोन दिवस द्वारका खुर्चीवर बसली. सतरंजी गुंडाळून कोपऱ्यात उभी केलेली. मी फळी काढली नाही. ती खुर्चीवरून उठतानाही दाराची चौकट धरत होती. भांडी मी घासली. संध्याकाळी तिनं गुडघ्याला शेक घेतला आणि भिंतीकडं तोंड करून निजली.

प्रतिक्षाचा, आमच्या लेकीचा, नांदेडहून फोन आला. तिनं नांदेडच्या डॉक्टरांशी बोलणं केलं होतं. पौषात ऑपरेशन, मग तीन महिने आईनं तिच्याकडंच राहायचं. "आई, तू नुसतं व्हय म्हण," ती सांगत होती. द्वारका फोन कानाला लावून माझ्याकडं बघत राहिली. तिला ऑपरेशनची भीती आहे. तिच्या थोरल्या बहिणीला ऑपरेशनला नेलं होतं, ती टेबलावरून उठलीच नाही.

"कळवते," एवढंच ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ करून बाहेर आलो तर खोलीत सतरंजी टाकलेली होती. सूप होतं, सुपात तुरीची दाळ होती. द्वारका भिंतीला धरून हळूहळू खाली बसत होती. अंगावर मोरपंखी साडी. ही साडी ती फक्त लग्नकार्यात नेसते.

"काढा चित्र," ती म्हणाली.

"आणि उठताना?"

"तुमी जावा की पाणी टाकायला."

"द्वारका."

"हे बघा," तिनं सुपातला एक खडा शोधून बाजूला टाकला. "मी लई इचार केला. वाईटावर असतं तर एवढ्या दिवसांत काही केलं असतं. मला उचलतंय, खाली ठेवतंय. एकदा बी ठेच लागू दिली न्हाई. तुमी बी घाबरू नका. काढा."

मी काढलं. ओल्या कागदावर मोरपंखी रंग पसरायला लागला. साडेअकराला ग्लास उचलला आणि तिच्याजवळून अंगणात गेलो. नळ सोडला नाही. ब्रश हातात धरून उभा राहिलो.

"हळू," आतून आवाज आला. "हां. दम खाऊ द्या... बस."

कुणाशी बोलावं तसं बोलत होती. आणि आता मी नाही हे तिला ठाऊक होतं.

८

मला बघायचं नव्हतं असं म्हटलं तर खोटं होईल. चित्रं काढणाऱ्या माणसाला न बघता राहवत नाही. पण खोलीत थांबलो तर ती कळवळणार. आठवडाभर मी मनाला आवर घातला.

मग एक दिवस ग्लास अंगणात ठेवला आणि घराच्या बाजूच्या बोळातून पुढच्या खिडकीशी आलो. गजांच्या कडेला उभा राहिलो. मी खोलीत नव्हतो. तेवढं पुरेसं असावं, कारण आत सुरू झालेलं होतं.

द्वारका अर्धी उठलेली होती. दोन्ही हात बाजूला सैल, गुडघे अजून वाकलेले. त्या अवस्थेत कुठलाही माणूस थांबू शकत नाही. ती थांबली होती, दम घेत होती. डोळे मिटलेले. तोंडावर कळ नव्हती. केस विंचरून घेताना लहान मुलीचा चेहरा होतो तसा तिचा चेहरा झाला होता. दोन्ही काखांखाली पुन्हा नेसलेल्या मोरपंखी साडीचं कापड घट्ट आवळलेलं, चार चुण्या इकडं, चार तिकडं. तिच्या मागं जे दिसायचं ते सगळं दिसत होतं. स्वयंपाकघराचं दार, मांडणी, डबे, कॅलेंडर.

मग ती सरळ झाली. आणि चुण्या सुटल्या. एकदम नाही. सगळ्यात खालची आधी, मग तिच्या वरची, मग तिसरी, चौथी. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी. झोपलेल्या लेकराच्या अंगाखालून आपण हात काढून घेतो, अगदी तसं. शेवटी खांद्यावरचा पदर किंचित दबला, वर आला, पुन्हा दबला.

थोपटल्यासारखा.

"बस," द्वारका म्हणाली आणि डोळे उघडले.

मी बोळातून मागं आलो. नळ सोडला, ब्रश धुतले. भीती वाटली होती, नाही असं नाही. पण त्याहून जास्त मला कसनुसं वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. अडतीस वर्षांत मी तिला कधी असं धरलं नव्हतं.

९

प्रतिक्षा पौषाच्या सुरुवातीला आईला न्यायला आली. वारंगा फाट्यावर गाडी बदलताना तिचा फोन आला. सकाळी तसं उचललं गेलं की द्वारकाचा गुडघा दिवसभर दुखत नसे, त्यामुळं लेकीच्या स्वागताला ती स्टँडपर्यंत पायी गेली. लेक तिथंच रडायला लागली. घरी येऊन पुन्हा पुन्हा विचारत होती, "आई, काय केलंस? कोणतं औषध? बाबा, सांगा की."

"सकाळी थोडा व्यायाम असतो," मी म्हणालो.

"बराबर," द्वारका म्हणाली. "तुझे बाबा करून घेतात."

ऑपरेशन रद्द झालं. लेकीशी खोटं बोललो याचा सल मला तिच्याबरोबर जेवायला बसल्यावरही होता, पण खरं सांगायला माझ्याकडं होतं तरी काय? चार चुण्या आणि एक पेन्सिलीची रेघ.

जायच्या आधी तिनं भिंतीला लावलेली चित्रं बघितली. मोरपंखी साडीच्या चित्रापुढं ती थांबली.

"हे सगळ्यात छान झालंय. पण आईच्या मागं एवढी जागा कोरी काहून सोडली? भिंतीचा रंग सगळीकडं दिलाय, तिथंच न्हाई."

मला माहीत नव्हतं. मी मुद्दाम सोडली नव्हती. रंगाचा हात तिथून वळून गेला होता. वरपासून खालपर्यंत, द्वारकाच्या खांद्यांहून रुंद.

"देतो की आता," मी म्हणालो आणि ब्रश ओला केला.

"नका," द्वारका स्वयंपाकघरातून म्हणाली. ती पोळ्या लाटत होती, आमच्याकडं पाठ होती. "मोकळंच राहू द्या तेवढं."

१०

माघात माझी कंबर धरली. गादीखाली सरकलेलं पुस्तक काढायला वाकलो आणि तसाच राहिलो. चार दिवस गोळ्या खाल्ल्या, पट्टा बांधला. स्टुलावरून उठताना डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. द्वारका हे सगळं बघत होती. पाचव्या दिवशी, उजेड चांगला आलेला असताना, तिनं माझ्या मांडीवरची फळी उचलून बाजूला ठेवली.

"आज तुमी बसा खाली."

"कशाला?"

"किती तकलीफ घेऊन राहिलात? बसा. मी जाते सुनिताकडं."

"वेडी आहेस का?"

"मी काय म्हणते, एकदा बघा तरी." तिनं माझा हात धरून मला सतरंजीवर बसवलं. कमरेतून कळ मस्तकात गेली. "पाय लांब करा. आन् मागं वळून बघू नका. मी कधी बघितलं न्हाई." ती चप्पल घालून पुढच्या दारानं गेली. दार उघडंच ठेवलं.

मी एकटा बसलो. समोर उघडं दार, त्यापलीकडं ऊन, फाटकाशी द्वारका आणि सुनिता बोलत उभ्या. सुनिताच्या हातात कसलं तरी कापड होतं. मला हसू आलं. आता पाच मिनिटं बसायचं, मग हाक मारायची, दोघी मिळून उठवतील, आणि द्वारकाला सांगायचं की हे तुझ्यापुरतंच आहे.

मागं स्वयंपाकघरात मांडणीवरची ताटं किणकिणली. रस्त्यावरून काही गेलं नव्हतं.

मी खाली बघितलं, माझ्या स्वतःच्या शर्टाकडं. राखाडी, सुती, बिनखळीचा. काखेखालचं कापड आधी जरा फुगलं. मग सपाट झालं. मग एक चुणी पडली, मग दुसरी. ऊब लागली नाही, गारवाही नाही. नुसती जागा भरल्यासारखी वाटली. आणि मग काही झालं नाही. ते हात थांबले होते. मी दम घ्यावा म्हणून ते वाट बघत होते, हे मला कळायला वेळ लागला.

मी दम घेतला.

कंबर दुखली नाही. लहानपणी बैलगाडीतून उतरवताना वाटायचं तसं वाटलं, जमीन नाही आणि भीतीही नाही. मग पाय जमिनीला लागले. मी सरळ उभा होतो, चार दिवसांत राहिलो नव्हतो इतका सरळ. मागं वळलो नाही. दारातून हाक मारली, "द्वारका!"

दोघींनी वर बघितलं. सुनितानं हात हलवला. "सर, उठले की! बरं वाटतंय का आता?"

"हो, बरं वाटतंय."

द्वारका माझ्याकडं बघत नव्हती. तिची नजर माझ्या डाव्या खांद्यावरून वर गेली होती, चांगली हातभर वर. ती घाबरलेली दिसली नाही. तिनं खांद्यावरचा पदर उचलला, डोक्यावरून घेतला, कानामागं नीट सारला, आणि मान खाली घातली.

घरातलं वडीलधारं माणूस दारात आलं की बाया घेतात, तसा. आमच्या घरात माझ्याहून मोठं कुणी नाही.